फॉर्मवरचं 'नाही'

तेहतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेल्या बाईला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. रक्ताची भीती वाटत नाही का, हा एक. आणि पोटात कात्री राहते म्हणतात ते खरं का, हा दुसरा. पहिला मी हसून टाळते. दुसऱ्याला मात्र मान ताठ करून सांगते, की माझ्या टेबलावर कधी राहिली नाही, कारण मी मोजायचे. ऑपरेशन सुरू होण्याआधी मोजायचे आणि पोट शिवण्याआधी पुन्हा मोजायचे. रक्त टिपायचा एक गॉज कमी भरला तर सर्जन कितीही मोठा असो, त्याच्या हातात मी सुई देत नसे. एकदा आमच्या सरांना असं वीस मिनिटं ताटकळत ठेवलं होतं. गॉज शेवटी त्यांच्याच बुटाखाली सापडला. त्या दिवसापासून थिएटरमध्ये माझा शब्द चालू लागला, आणि आपल्या हातून काही निसटत नाही असं मीही समजू लागले.

मी मूळची धारवाडची. वडील शाळामास्तर, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. नर्सिंग करून हुबळीच्या एका खासगी हॉस्पिटलात लागले, लग्नानंतर केशवापुरात बिऱ्हाड केलं, आणि निवृत्त होईपर्यंत ते हॉस्पिटल सोडलं नाही. पेशंटशी कन्नड किंवा मराठी, सरांशी मोडकंतोडकं इंग्रजी, आणि रागवायचं झालं तर जी भाषा आधी तोंडात येईल ती. रागवणं माझ्याकडून पुष्कळ व्हायचं, हे माझ्याबरोबर काम केलेल्या कुणीही सांगेल.

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्याकडे दुर्बीण आली. थिएटरबाहेरच्या माणसांसाठी थोडक्यात सांगते. बेंबीजवळ बोट जाईल एवढं भोक पाडायचं, त्यातून पोटात वायू भरायचा. तव्यावरची भाकरी फुगते तसं पोट फुगतं आणि आत काम करायला जागा होते. मग त्या भोकातून दुर्बीण घालायची, बाजूला आणखी तीन-चार भोकं पाडून लांब दांड्याचे चिमटे आणि कात्र्या घालायच्या. सर्जन पेशंटकडे बघतच नाही, समोरच्या टीव्हीकडे बघतो. पूर्वी पित्ताशय काढायचं म्हणजे बरगडीखाली वीतभर चीर. आता पेशंट तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी जायला लागला.

भोकांत ज्या नळ्या बसवतात त्यांना रबरी वायसर असतात. वायसर झिजला की वायू गळतो, पोट खाली बसतं, आणि ऐन कामाच्या वेळी पडद्यावर काही दिसेनासं होतं. नवे वायसर परदेशातून यायला महिना-दीड महिना लागे. मी एक जुना वायसर रुमालात बांधून गोकुळ रोडवर गेले. तिथे पंपांचे वायसर करणारा एक कारागीर होता. त्याने तो उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "कुठल्या पंपाचा?" मी म्हटलं, "माणसाच्या." पठ्ठ्याने उकळत्या पाण्याला दाद न देणारं रबर शोधून तसेच दोन डझन करून दिले. पुढची कितीतरी ऑपरेशनं त्या वायसरांवर झाली.

नवी पद्धत म्हटली की गिऱ्हाइकंही नवी भेटतात. केशवापुरातलेच एक किराणा व्यापारी पित्ताशयाचे खडे काढून घ्यायला आले. ऑपरेशन झक्क झालं. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पोटावरच्या चार चिकटपट्ट्या बघून गृहस्थ एवढंसं तोंड करून बसले. मला जवळ बोलावून म्हणाले, "सिस्टर, संध्याकाळी पाहुणे येणार आहेत. एवढ्याशा पट्ट्या बघून काय म्हणतील?" मी त्यांच्या पोटाला छातीपासून बेंबीखालपर्यंत रुंद बँडेज गुंडाळून दिलं. संध्याकाळी ते उशीला टेकून मोठ्या रुबाबात कण्हत होते.

असे दिवस मजेत गेले. दुर्बिणीच्या कामात माझा हात बसला, सरांनी मागायच्या आत चिमटा पुढे व्हायला लागला. दहा-पंधरा वर्षं अशी गेल्यावर रेणुका आली.

अळणावरच्या बाजूच्या एका खेड्यातली ती मुलगी, वय बावीस-तेवीस. नवरा परशुराम लाकडाच्या वखारीवर टेम्पो चालवायचा. बरोबर सासू, शांतव्वा. आणि रेणुकाच्या मांडीवर पाच महिन्यांची ऐश्वर्या, घरची ऐशू. पोर हळदीत बुडवून काढल्यासारखी पिवळी. डोळेसुद्धा पिवळे. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं तटतटलेलं. मनगटावर दोन काळे डाग होते, कावीळ उतरावी म्हणून तापल्या तारेने दिलेले. मी डागांकडे बघितलं तशी शांतव्वाने पोरीचा हात पदराखाली घेतला.

ही साधी कावीळ नव्हती. यकृतात तयार झालेलं पित्त आतड्यात नेणारी नळी या पोरीत जन्मापासून बुजलेली होती. पित्ताला वाट नसली की ते यकृतातच साठतं आणि यकृत कुजवतं. असं मूल शी करतं ती पिठासारखी पांढरी. दोन महिन्यांच्या आत आणलं असतं तर एक ऑपरेशन करून बघता आलं असतं. पण हे लोक आधी कलघटगीच्या पुढे कुठेतरी काविळीचं झाडपाल्याचं औषध देणारा होता, त्याच्याकडे गेले. त्यात महिने गेले. आता एकच मार्ग होता. दुसऱ्या माणसाच्या यकृताचा तुकडा काढून पोरीला बसवायचा.

हे काम हुबळीत होत नव्हतं, बंगळूरला व्हायचं. आमच्या सरांचा एक जुना विद्यार्थी तिथल्या पथकात होता, त्यामुळे आमच्याकडून पेशंट थेट तिकडे जात. इथल्या तपासण्या आणि कागदपत्रं माझ्याकडे. परशुरामचा रक्तगट जुळला नाही. रेणुकाचा जुळला.

शांतव्वा ऐकायला तयार होईना. "एकीला वाचवायला दुसरीचं पोट फाडायचं? आणि दोघीबी गेल्या तर?" त्या बाईची भीती खोटी नव्हती. मी तिला बाकड्यावर बसवून समजावलं. आता पोट फाडत नाहीत, दुर्बिणीने भोकं पाडून करतात. यकृताच्या डाव्या बाजूचा मूठभर तुकडा लागतो, आणि राहिलेलं यकृत पुन्हा वाढतं.

"केस कापले की वाढतात ना, अव्वा? तसंच."

"केस कापायला कोण बेशुद्ध करत नाही, बाई," शांतव्वा म्हणाली.

सरांनीही मग खरं ते सांगितलं. दात्याचं यकृत दुर्बिणीने काढण्याचं काम बंगळूरला नुकतंच सुरू झालं होतं, गरज पडली तर तिथल्या तिथे पोट उघडायला लागेल, आणि जिवाला धोका अगदीच नाही असं कुणी म्हणू शकत नाही. रेणुका सगळं ऐकत होती. सर थांबल्यावर तिने एवढंच विचारलं, "कधी करायचं?"

आता फॉर्मचं सांगते. खेड्यातली माणसं डॉक्टरांपुढे बोलत नाहीत, म्हणून मी कन्नडमध्ये वीस प्रश्नांचा एक कागद तयार केला होता. झटके येतात का, दमा आहे का, दारू-तंबाखू, आधीची ऑपरेशनं. त्यातला नववा प्रश्न माझ्या खास अभिमानाचा होता: सध्या कोणती औषधं, काढे किंवा गावठी उपचार चालू आहेत? आमच्या भागातली माणसं ओळखून घातलेला प्रश्न. सरांनी त्याचं कौतुक केलं होतं.

ऐशूचा कागद मी नीट भरला. शांतव्वाने सांगितलं, पोरीला पाला देत होतो. मी आवाज चढवून म्हटलं, आजपासून बंद. ती म्हणाली, बंद. मग रेणुकाचा कागद घेतला. तेवढ्यात थिएटरमधून बोलावणं आलं, पेशंट टेबलावर घेतला होता. रेणुका धडधाकट पोर, समोर बसलेली. आजारी होती ती लेक. धडधाकट माणूस कशाला औषध घेईल? ऐशू सिझेरियनने झाली एवढं विचारून लिहिलं आणि बाकीच्या सगळ्या रकान्यांत एकाखाली एक 'नाही' ओढून मोकळी झाले. तिच्यापुढे कागद सरकवला, "इथे सही कर."

तिने कागद हातात घेऊन वाचला, मग सही केली. अक्षर वळणदार होतं. मी उठता उठता विचारलं, "शिकलीस का गं?" ती म्हणाली, "सातवीपर्यंत, अक्का."

तपासण्या चांगल्या आल्या. बंगळूरची तारीख मिळाली, तीन आठवड्यांनंतरची. तारीख जवळ आल्यावर सगळी मंडळी बंगळूरला गेली. आणि चौथ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तिथे पुन्हा केलेल्या तपासणीत रेणुकाचं यकृत सुजलेलं निघालं होतं. रक्तातले आकडे भलतेच वर गेले होते. आजारी यकृताचा तुकडा कुणी काढत नाही, काढला तर आई आणि मूल दोन्ही हातचे जायचे. ऑपरेशन रद्द. विषाणूची कावीळ म्हणावी तर त्या सगळ्या तपासण्या निल. पथकाने सांगितलं होतं, दुसरा दाता शोधा. घरात दुसरा दाता नव्हता.

"तुमच्या फॉर्मवर औषधं 'नाही' आहे," सर म्हणाले. "नक्की ना?"

"नक्की, सर."

हे उत्तर माझ्या तोंडून विचार करायच्या आत गेलं. केबिनमधून बाहेर येऊन मी फायलीतली प्रत काढली. नवव्या प्रश्नापुढचा 'नाही' माझ्याच अक्षरातला. तो मी कधी लिहिला ते आठवलं, आणि लिहिण्याआधी विचारल्याचं काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि पहाटेची बस धरून अळणावरला गेले, तिथून टमटमने त्यांच्या गावात. कुणाला कळवलं नव्हतं. मंडळी आदल्या दिवशीच बंगळूरहून परत आली होती. पोचले तेव्हा शांतव्वा परसात दगडावर बसून पांढऱ्या फडक्यातून हिरवागार रस पिळत होती. खाली पितळी पेला. समोर रेणुका आंघोळ करून, ओल्या केसांनी, रिकाम्यापोटी हात पुढे करून उभी.

"अव्वा, हे कुणाला?"

"आईला," शांतव्वाने न चाचरता सांगितलं. "पोर दूध पितंय न्हवं? आईनं घेतलं की दुधातनं पोराला लागतंय. पोराला बंद करा म्हणाला तुम्ही, केलं बंद. हिला बंद करा कुठं म्हणाला?"

तान्ह्या मुलाचं औषध आईने घ्यायचं ही आमच्याकडची जुनी चाल. माझ्या आईनेही माझ्या धाकट्या भावासाठी काढे प्यायलेले मी बघितले होते. मला हे माहीत नसतं तर गोष्ट वेगळी. मला ते माहीत होतं.

आधी आठवड्यातून एकदाच पेला होता. ऑपरेशनची तारीख ठरली तसा शांतव्वाने तो रोजचा केला, तारखेच्या आत पोर बरी झाली तर सुनेला चिरायची वेळच येणार नाही म्हणून. बंगळूरलासुद्धा पाल्याची पुडी बरोबर नेली होती. मी तिच्या हातातला पेला घेतला आणि अंगणात ओतून टाकला. शांतव्वा उठून उभी राहिली.

"काय केला, बाई! कसलं औषध ते ठाऊक हाय काय तुम्हाला?"

"तुम्हाला ठाऊक आहे?" मी ओरडले. "कुठला पाला आहे हा? सांगा नाव!"

तिला नाव माहीत नव्हतं. देणाऱ्याने सांगितलं नव्हतं, नाव कळलं तर गुण जातो म्हणे. मी मग रेणुकाकडे वळले. "आणि तू? एवढी शिकलेली पोर, सांगायला काय झालं होतं?"

तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घातली.

हुबळीला परत येऊन मी सरांना सांगितलं, "मुलगी पाला घेत होती, सर. आपल्यापासून लपवलं." हे वाक्य मी बसमध्येच तयार केलं होतं. सरांनी लगेच बंगळूरला फोन लावला. फोन ठेवून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्ही नसता तर हे कुणाला कळलंच नसतं." मी म्हटलं, "नाही हो, सर, त्यात काय."

आता वाट बघायची होती. पाला बंद झाल्यावर यकृत आपलं आपण सुधारेल असं डॉक्टरांचं म्हणणं होतं, पण किती दिवसांत ते कुणी सांगेना. दर सोमवारी रेणुका पोरीला घेऊन यायची, मी तिचं रक्त काढायचे. पहिल्या सोमवारी आकडा थोडा उतरला. दुसऱ्या सोमवारी आणखी. आईचा आकडा खाली यायचा तसं पोरीचं पोट वर चढायचं. पोटात पाणी भरत होतं. श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जात. रडायचं तोंड करायची, आवाज यायचा नाही.

तिसऱ्या आठवड्यात ऐशूला रक्ताची उलटी झाली. परशुरामने टेम्पो कसा हाकला त्याचं त्यालाच माहीत, एवढासा जीव दुपट्यात गुंडाळून आणला, दुपटं लाल. आम्ही रक्त चढवलं. सरांनी दोन तास हलू दिलं नाही कुणाला. उलटी थांबल्यावर बाहेर येऊन मला हळू आवाजात म्हणाले, "आणखी एकदा असं झालं तर लिव्हर बसवायचं कुणाला?" मी मान हलवली आणि स्टोअररूममध्ये जाऊन उभी राहिले. हे आठवडे त्या पोरीजवळ नव्हतेच. माझ्या पेनच्या एका ओढीने ते गेले होते. देवाला मी सहसा त्रास देत नाही, पण त्या दिवशी खूप दिला.

चौथ्या सोमवारचा आकडा बंगळूरच्या पथकाला चालण्यासारखा आला. "दोन दिवसांत आणा," असा निरोप. रेणुका म्हणाली, "अक्का येणार असल्या तर जातो." आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी 'जातो', 'येतो' म्हणतात, तशीच ती बोलायची. सरांनी मला रजा न लावता पाठवलं.

तिथल्या मुख्य डॉक्टरांच्या खोलीत आम्ही गेलो. सात-आठ तरुण डॉक्टर भोवती. मुख्य डॉक्टर माणूस चांगला, पण त्या दिवशी कडक बोलले. रेणुकाला उभं करून कन्नडमध्ये म्हणाले, "तू आमच्यापासून औषध लपवलंस. तुझ्यामुळे तुझी मुलगी मरायला टेकली होती. आम्ही चुकून ऑपरेशन केलं असतं तर तूही गेली असतीस. यापुढे एक गोष्ट जरी लपवली तर परत पाठवीन." रेणुकाने खाली बघत "हौदु, सर" म्हणून होकार दिला. मी तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. मी बोलले नाही. उलट त्यांनी माझ्याकडे वळून, "हुबळीच्या सिस्टरचे आभार मानायला हवेत," म्हटलं तेव्हा हात जोडले.

ऑपरेशनच्या दिवशी भूल चढेपर्यंत रेणुकाने माझा हात सोडला नाही. मग मला थिएटरच्या कोपऱ्यात उभं राहायची परवानगी मिळाली, हात मागे बांधून. आयुष्यभर टेबलाला लागून उभं राहिलेल्या बाईला ही शिक्षाच. पडद्यावर रेणुकाचं यकृत दिसलं, गुळगुळीत, तपकिरी, कडा धारदार. सूज उतरली होती. मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

यकृत कापणं म्हणजे ओल्या स्पंजातून धागे न तोडता वाट काढणं. आत शिरांचं जाळं. प्रत्येक शीर वेगळी करायची, तिला क्लिप लावायची, मग कापायची. तास गेला, दुसरा गेला. आणि अचानक पडदा लाल झाला. कुठली तरी बारीक शीर निसटली होती. पोट उघडलेलं असतं तर बोट ठेवून दाबता येतं. इथे बोट नाही, आणि रक्तात बुडालेल्या दुर्बिणीला दिसत नाही. सर्जन म्हणाले, "ओपन ट्रे तयार ठेवा." म्हणजे पोट उघडायची सामग्री. तिथली सिस्टर कोवळी पोर होती, पण हात पक्के. गॉजची छोटी पट्टी तिने सर्जनने मागायच्या आत चिमट्याला लावली. ती नळीतून आत गेली, सर्जनने अंदाजाने दाबून धरली. भूल देणारे डॉक्टर रक्तदाब सांगत होते, प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी. माझे मागे बांधलेले हात आपोआप सुटले होते. मी मनातल्या मनात सेकंद मोजत होते, दुसरं काही येत नव्हतं म्हणून. तीनशेच्या पुढे गेल्यावर सर्जनने पट्टी हळूच उचलली. दुर्बीण पुसून आत घातली. शीर दिसली. क्लिप बसली.

तुकडा सुटा झाला तेव्हा तो पिशवीत घेऊन ओटीपोटावरच्या सिझेरियनच्या जुन्या व्रणातून बाहेर काढला. सातेक महिन्यांपूर्वी ऐशू ज्या वाटेने आली होती, तिथूनच. बर्फातल्या भांड्यात ठेवून तो शेजारच्या थिएटरमध्ये गेला, तिथे ऐशू पोट उघडून तयार होती. मी रेणुकापाशी थांबले. तिथल्या सिस्टरने गॉज मोजले, मीही कोपऱ्यातून मोजले. बरोबर भरले.

दुपार उलटून गेल्यावर शेजारच्या थिएटरमधून एक तरुण डॉक्टर आला. मास्कवरचे त्याचे डोळे हसत होते. "पित्त आलं," म्हणाला. नव्या यकृताच्या नळीतून सोनेरी थेंब बाहेर आला होता. मी भिंतीला टेकून मनसोक्त रडले.

पुढचे दोन आठवडे सोपे नव्हते. एकदा ताप चढला, एकदा शरीर नवं यकृत झिडकारतंय अशी शंका आली. पण आठव्या का नवव्या दिवशी शांतव्वा पोरीचं लंगोट घेऊन वॉर्डभर फिरली. जो भेटेल त्याला उलगडून दाखवायची, "बघा की! हळदीगत पिवळी! पांढरी न्हाई!" एका मोठ्या डॉक्टरांनी गंभीर चेहऱ्याने ते लंगोट बघून तिचं अभिनंदन केलं.

नंतर चार वर्षं ऐशू दर महिन्याला आमच्याकडे यायची. नवं यकृत टिकवणाऱ्या गोळ्यांचं प्रमाण रक्तातून तपासावं लागतं, आणि रक्त मीच काढायचं असा तिचा हट्ट. शांतव्वा कधी आली तर बाकड्यावरच्या अनोळखी माणसांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, "ह्या सिस्टरनं धरला बघा पाला. ह्या नसत्या तर माझी नात न्हवती." लोक कौतुकाने बघायचे. मला तिथून निघून जावंसं वाटायचं, आणि मी हसून "बसा अव्वा, चहा घ्या" म्हणायचे.

निवृत्तीला महिना राहिला होता. एका सकाळी रेणुका ऐशूला घेऊन आली, सासू नव्हती. ऐशू खुर्चीत बसून फ्रॉकची बाही स्वतःच वर करत होती. मी तिच्या दंडाला रबरी पट्टी बांधली आणि तिच्याकडेच बघत रेणुकाला म्हटलं, "तुला एक सांगायचं आहे. तो फॉर्म. औषधाचा प्रश्न मी तुला विचारलाच नव्हता. न विचारता 'नाही' लिहिलं. आणि मग सगळ्यांना सांगितलं, तू लपवलंस."

"व्हय," रेणुका म्हणाली. "ठाऊक हाय मला. सही करताना वाचलं होतं की."

मी वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही घाईत होता. आणि अव्वा बाजूला. मी म्हटलं, बरं झालं, खोटं बोलायचं चुकलं." मग म्हणाली, "खरं तुम्ही विचारला असता तर सांगितलं असतं, अक्का. तुमच्या तोंडावर खोटं आलं नसतं मला."

ही गोष्ट मला चार वर्षं नको होती. विचारूनही तिने सांगितलं नसतं, अशीच मी समजूत घालत आले होते.

"आणि बंगळूरला? ते डॉक्टर तुला एवढं बोलले. मी शेजारी उभी होते. मला कुणी विचारलंच नाही, असं तू तिथे का नाही म्हणालीस?"

रेणुकाने ऐशूच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"म्हटलं असतं तर तुम्हाला परत हुबळीला लावून दिलं असतं की," ती म्हणाली. "मग आत जाताना माझा हात कोण धरणार होतं?"

मला लाज वाटली. मी खाली वाकून ऐशूच्या हातावरची शीर शोधायला लागले. शीर केव्हाची वर आली होती. मी शोधतच राहिले.